लेकीबाळींचा राजा : शाहू छत्रपती

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि आपल्या गंगाखेडच्या जनाबाई ही नावे पहिल्या पाच मिनिटांतच वाटली गेली. मी चहाचे आधण बघून परत येईपर्यंत माझ्या वाट्यास कोणी उरलेच नव्हते. मग मी कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नाव सांगितले. त्यावर दोघीतिघींनी नाके मुरडली. बायकांच्या अंकात पुरुषाचे चरित्र कशाला, आणि तेही एका राजाचे, असा त्यांचा रोख होता. त्यांची समजूत ह्या लेखाने पटली तर पटली.

आज आपल्या राज्यात महिला व बालविकास असे निराळे खाते आहे. त्याला मंत्री असतो, अधिकारी असतात, त्याच खात्याची अंगणवाडी आपल्या गावात भरते. शंभर वर्षांपूर्वी असे काही नव्हते. घरात बाईला मार बसला तर तो नवरा-बायकोचा मामला, आणि पोर उघडे-उपाशी राहिले तर ते त्याच्या आईबापांचे नशीब, असे धरून सारे सरकार चालत असे. अशा काळी हे काम सरकारचे आहे असे ज्यांच्या मनाने घेतले, त्यांत शाहू महाराजांचे नाव फार वर येते. त्यांच्या दरबारी ह्या कामाचा निराळा मंत्री नव्हता. ते काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतले होते.

कोल्हापूर आपल्या भागातल्या बायांना अगदी अनोळखी नाही. अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या थोड्या, पण कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकांत संसार भरून तिकडच्या कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तिकडचा हिरवा मुलूख, बारमाही पाणी आणि उसाचे फड ह्यांची वर्णने मी त्यांच्याकडूनच ऐकली. त्या पाण्यातही ह्या राजाचा हात आहे, ते पुढे सांगते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. ते जन्माने राजपुत्र नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यातले ते, पाळण्यातले नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव, ह्यांना आबासाहेब म्हणत. आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांची लेक. मूल तीन वर्षांचेही झाले नाही तोच १८७७ साली आई गेली. पुढे १८८६ साली वडीलही गेले. म्हणजे बाराव्या वर्षी पोर पुरते पोरके झाले. मोठ्या घरचे असले म्हणून काय झाले, आईवाचून वाढलेल्या लेकराला काय कमी पडते ते वाडा भरून देता येत नाही.

मधल्या काळात एक मोठी घटना घडली. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते, तेही दत्तक आलेले, अवघे वीस वर्षांचे. त्यांना वेड लागले आहे असे ठरवून इंग्रजांनी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. त्यांच्या छळाबद्दल लिहिले म्हणून टिळक-आगरकरांना १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या २५ डिसेंबरला, सांभाळ करण्यासाठी म्हणून नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्या तरुण राजाचा अंत झाला. ज्याने जपायचे त्याच्याच हातून जीव गेला. मला ही गोष्ट वाचून फार वेळ सुचले नाही. राजाला हे भोगावे लागते तर बंद दाराआड असणाऱ्या गरिबाचे काय, असे वाटत राहिले.

त्या शिवाजी महाराजांच्या राणी आनंदीबाई. त्यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या ह्या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्याचे नाव शाहू ठेवले. पुढे राजकोटला राजपुत्रांच्या शाळेत आणि मग धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरामुलगा सतरा वर्षांचा आणि नवरी लहानगी, परकरातली. त्या काळची रीतच तशी होती हे खरे, तरी लिहायचे ते सगळेच लिहावे म्हणून हेही लिहिते. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

शरीराने ते धिप्पाड होते. कुस्तीचा, शिकारीचा मोठा नाद. कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान त्यांनीच बांधविले. राहणी मात्र साधी. गाडी मध्येच थांबवून वाटेवरच्या शेतकऱ्याशी, धनगराशी बोलत बसण्याची सवय. दरबारातल्या मुजऱ्यांपेक्षा त्यांना ह्या लोकांचे बोलणे अधिक आवडे, आणि राज्यात खरे काय चालले आहे ते त्यांना त्यातूनच कळे.

गादीवर येऊन दोन-अडीच वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. दुष्काळी कामे त्या वेळी पुष्कळ ठिकाणी निघाली. खडी फोडा, माती वाहा आणि मजुरी घ्या. कोल्हापुरात मात्र एक गोष्ट निराळी झाली. कामावर येणाऱ्या बायांच्या कडेवर, पाठीशी तान्ही मुले असत. ती उन्हात, धुळीत टाकून आईने पाटी उचलायची. महाराजांनी अशा मुलांसाठी कामाच्या ठिकाणीच शिशुसंगोपन गृहे उघडली, तेथे मुलांना सांभाळायला आणि खाऊ घालायला माणसे ठेवली. म्हाताऱ्या-कोताऱ्या, निराधार आणि अनाथ माणसांसाठी आश्रम काढले. ज्यांच्या घरात चूलच विझली होती अशांची तेथे सोय लागली.

मी हे मुद्दाम लांबवून लिहिते आहे. आपल्या भागातून कोयत्यावर जाणाऱ्या बाया फडात पाचटावर फडके अंथरून त्यावर लेकरू निजवतात आणि पहाटेच्या थंडीत ऊस तोडतात. मोठी बहीण सात-आठ वर्षांची असेल तर धाकट्याला ती सांभाळते, म्हणजे तिची शाळा बुडाली. आता सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आहेत, काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पण आईला कामावर यायला सांगायचे असेल तर तिच्या लेकराची सोय कामावर घेणाऱ्याने पाहिली पाहिजे, हा विचार त्या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने केला होता. तो मुलगा स्वतः आईवाचून वाढला होता, हे त्याचे कारण असेल काय? मला तरी तसे वाटते.

वेदोक्ताचे प्रकरण, १९०२ साली मागासलेल्या जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत राखलेल्या निम्म्या जागा, निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे, माणगावची परिषद आणि डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रास दिलेली मदत, ह्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत आणि २६ जूनला सामाजिक न्याय दिनाच्या दिवशी शाळेतल्या भाषणांतून दरवर्षी ऐकायला मिळतात. म्हणून त्या मी येथे फक्त नावापुरत्या घेते. गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य समाजाच्या माणसास चहाचे दुकान काढून देऊन महाराज स्वतः तेथे चहा घेत, आणि बरोबरच्या सरदार-मंडळींनाही घ्यावा लागे, ही गोष्ट मात्र मला सोडवत नाही. हुकूम काढण्यापेक्षा चहाचा कप हाती धरणे कठीण असते. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणाकोणास बोलावणे जाते, हे ज्या त्या भगिनीने मनाशी आठवावे.

बायकांच्या शिक्षणाकडे त्यांनी पहिल्यापासून लक्ष दिले. रखमाबाई केळवकर ह्या विदुषींवर त्यांनी संस्थानातल्या स्त्रीशिक्षणाचे काम सोपविले. बाईच्या हाताखाली कारभार द्यायचा हीच त्या वेळी नवलाची गोष्ट. त्यांची कन्या कृष्णाबाई हुशार निघाली. तिला शिष्यवृत्ती देऊन मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविले, पुढे विलायतेस पाठविले आणि परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात डॉक्टर म्हणून नेमले. बाळंतपणात बाई दगावली तरी पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही असे ते दिवस. तेव्हा एक बाई डॉक्टर असणे म्हणजे किती जणींचा जीव वाचणे, हे आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना सांगायला नको.

१९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ४ मार्च १९१८ रोजी करवीर भागातल्या चिखली गावी पहिली अशी शाळा उघडली. जे आईबाप मुलास शाळेत पाठविणार नाहीत त्यांना महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया मोठा होता, तेव्हा हा दंड चांगलाच बोचणारा होता. राजा दंड करतो म्हणून लोक कुरकुरले असतील. पोर गुरांमागे गेले तर चार पैशांचा हातभार लागतो, शाळेत गेले तर काय मिळते, हा हिशेब तेव्हाही होता आणि आजही संपलेला नाही. मी स्वतः सातवी होऊन घरी बसले. गावाबाहेरच्या शाळेत मुलगी पाठवायची नाही असे घरात ठरले, आणि कोणी दंड केला नाही. त्यामुळे त्या एक रुपयाचे मोल मला जरा जास्तच कळते. सक्तीच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी २७ शाळा होत्या, त्या १९२२ पर्यंत ४२० झाल्या. साऱ्या देशातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा होण्यास २००९ साल उजाडावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र निवडले तिच्याकडे वळते.

१९१७ ते १९२० ह्या तीन-चार वर्षांत महाराजांनी बायकांच्या बाबतीत एकामागून एक कायदे केले. १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. १९१९ साली आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा झाला, त्याच वर्षी काडीमोडीचा कायदा झाला. १९२० साली देवदासी-जोगतिणी आणि अनौरस मुले ह्यांच्या वारसाहक्काबाबत कायदा झाला. आपल्याकडे देवीला वाहिलेल्या जोगतिणी आणि खंडोबाच्या मुरळ्या आपण माळेगावच्या यात्रेत लहानपणापासून पाहिल्या. त्यांची कवड्यांची माळ आणि परडी आपण पाहतो, परंतु त्यांना बापाच्या घरात वाटा होता काय, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींच्या मनात आला? त्यांच्या मनात तो आला.

आणि १९१९ सालीच त्यांनी आणखी एक कायदा केला. स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा हा कायदा होता. अंगावर वळ उठतील असा मार तर त्यात आलाच, पण मनाचा छळही आला. जो कोणी बाईला असे वागवील त्यास कैद व दंड.

भगिनींनो, हे साल पुन्हा एकदा वाचा. १९१९. त्या वेळी आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. कोल्हापूरच्या राजाचा कायदा त्याच्या सीमेपलीकडे लागू नव्हता. आपल्या पणज्या त्या साली नांदत्या होत्या. त्यांच्यापैकी कोणाच्या पाठीवर काठी बसली तर ती कोणत्या चावडीवर जाणार होती? माहेरी जावे तर बाप चार दिवस ठेवून परत पोचवून येई, आणि जाताना लेकीलाच चार शब्द सुनावी. विहिरी किती बायांनी जवळ केल्या ते त्या विहिरींनाच ठाऊक.

मारहाण हा गुन्हा इंग्रजी राज्यातही होताच. पण भर रस्त्यात दुसऱ्याने मारले तर तो गुन्हा, आणि घरात नवऱ्याने किंवा सासूने मारले तर ते शिस्त लावणे, अशी सगळीकडची समजूत. बायको म्हणजे पायातली वहाण असे म्हणणारी माणसे तेव्हा चारचौघांत ताठ मानेने म्हणत. आज मनात म्हणतात, एवढा फरक पडला आहे. घरातले भांडण घराच्या उंबऱ्याआत राहावे, ही शिकवण आपल्याला आयांनी दिली आणि आपणही लेकींना देत आलो. महाराजांच्या कायद्याने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले. घरात चाललेला छळ हा घरचा मामला नसून राज्याने पाहण्याची बाब आहे, असे त्या कायद्याने एकदा कागदावर आले. मला तर ह्या एका गोष्टीसाठी हा राजा साऱ्या गडकोटवाल्यांपेक्षा मोठा वाटतो. कोणास हे बोलणे जास्त वाटेल, तर वाटो.

कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानाचे कायदे संस्थानाबरोबर गेले. साऱ्या देशासाठी नवरा व सासरचे लोक ह्यांच्या क्रूरतेविरुद्ध कायद्यात कलम आले ते १९८३ साली. तेच ४९८ अ. म्हणजे कोल्हापूरच्या कायद्यानंतर चौसष्ट वर्षांनी. ते कलम जुन्या दंडसंहितेबरोबर गेले असून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमात तोच गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा निराळा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, आणि फक्त हात उगारणे नव्हे तर शिव्या देणे, हिणवणे, पैशाअडक्यावाचून कोंडणे हीही हिंसाच धरली आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. १८१ ह्या नंबरावर बाईला आणि १०९८ ह्या नंबरावर मुलांसाठी मदत मागता येते. चरित्रात हे नंबर कशाला, असे संपादक मंडळ म्हणाले तर म्हणो, एवढी ओळ कापू नये अशी माझी विनंती आहे.

कायदा केला म्हणजे मार थांबला असे नव्हे. कोल्हापुरातही सारी घरे एका दिवसात सुधारली असतील असे मी म्हणत नाही. आपल्या गल्लीतल्याच एका मावशींनी उभा जन्म सोसले आणि तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी त्यांच्या थोरल्या सुनेने बापाच्या जागी उभे राहून सासऱ्याचा हात धरला, तेव्हा तो थांबला. त्या सुनेला कायदा माहीत नव्हता. पण सोसणे हा बाईचा धर्म नव्हे एवढे तिला कोणीतरी कधीतरी सांगितले असले पाहिजे. असे सांगणे कोठून तरी सुरू व्हावे लागते.

महाराजांना दोन मुलगे आणि दोन मुली. थोरली लेक राधाबाई, तिला सारे अक्कासाहेब म्हणत. लेकीवर त्यांचा फार जीव. भोगावती नदीवर धरण बांधायला १९०९ साली सुरुवात केली तेव्हा तेथे वसविलेल्या गावास त्यांनी लेकीचे नाव दिले, तेच राधानगरी. आणि तलावाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचे. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पैसा अपुरा पडला, ते पुढे स्वातंत्र्यानंतर झाले. आपल्या बाया ज्या हिरव्या मुलखात ऊस तोडायला जातात त्यातला पुष्कळसा भाग त्याच पाण्यावर पिकतो. टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ह्या राजाचे नाव घ्यायला आणखी एक कारण.

ह्या अक्कासाहेबांचे लग्न १९०८ साली मध्य हिंदुस्थानातल्या देवासच्या तुकोजीराव पवार महाराजांशी झाले. १९१० साली मुलगा झाला. परंतु पुढे दोघांचे पटले नाही आणि काही वर्षांतच अक्कासाहेब कोल्हापुरास माहेरी परत आल्या, त्या परत सासरी नांदायला गेल्या नाहीत. दोन राजघराण्यांत त्यामुळे कायमचे वितुष्ट आले. राजाची लेक म्हणून बोलणारे काही कमी बोलले नसतील. लेक भरल्या घरातून परत आली म्हणजे बापाच्या काळजात काय होते, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे. पुष्कळ बाप अशा वेळी मान खाली घालून लेकीलाच समजावीत बसतात. महाराजांनी लेकीला घरात मानाने ठेवले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी काडीमोडीचा आणि छळबंदीचा कायदा आला. एकातून दुसरे आले असे मी म्हणत नाही. पण कायदा लिहिणाऱ्याच्या घरात एक माघारी आलेली लेक होती, हे लक्षात ठेवून तो कायदा वाचला म्हणजे निराळा वाटतो.

दुसरे दुःख ह्याहून मोठे. धाकटे चिरंजीव शिवाजी ह्यांचे लग्न जून १९१७ मध्ये सासवडच्या जगतापांच्या मुलीशी झाले. सासरचे नाव इंदुमती. नवरीचे वय अकराव्यात. पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाने सून मात्र एवढी लहान आणली, हे मला खटकते आणि ते मी लपवीत नाही. माणूस कितीही पुढे गेला तरी घरच्या रीतीभातीत त्याचा पाय अडकतोच. पुरते वर्ष झाले आणि १९१८ च्या जूनमध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजपुत्र शिवाजी गेले. वय अवघे एकोणीस. आणि मागे ही बारा वर्षांचीही नसलेली विधवा.

त्या काळी थोरामोठ्यांच्या घरातली विधवा म्हणजे काय, ते निराळे सांगायला नको. जितके घराणे मोठे तितकी भिंत उंच. अंधारी खोली, पांढरे लुगडे, देवपूजा, आणि दुसऱ्याच्या शुभकार्यात मागल्या दारी. त्या पोरीला आपण काय गमावले हेही नीट उमगले नसेल. महाराज स्वतः पोराच्या दुःखाने खचले होते. परंतु त्यांनी सुनेला त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ दिले नाही. तिला शिकवायचे असे त्यांनी ठरविले. वाड्यातून विरोध झाला. नव्या सुनेने, त्यातून विधवेने, पडद्याबाहेर येऊन पुस्तके हाती धरायची हे घरातल्यांना पटणारे नव्हते. मग त्यांनी गावाबाहेर सोनतळी येथे तिची राहण्याची निराळी सोय केली, शिकवायला शिक्षक ठेवले आणि बरोबर शिकायला मैत्रिणी दिल्या. कामानिमित्त परगावी असले म्हणजे ते सुनेस पत्रे पाठवून अभ्यासाची चौकशी करीत. तिने खूप शिकावे, डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती.

सासरा आणि सून हे नाते आपल्याकडे पदर आणि खाकरा ह्यांपलीकडे सहसा जात नाही. सासरा अंगणात आला की सुनेने आत जायचे, एवढेच ते. येथे एक सासरा, तोही छत्रपती, सुनेच्या वहीत डोकावतो आहे.

ह्या सर्व कामाची दगदग आणि मुलाचे दुःख त्यांच्या प्रकृतीला झेपले नाही. मधुमेह होताच. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईत त्यांना मृत्यू आला. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. राज्य केले ते अठ्ठावीस वर्षे. त्यांच्या मागून थोरले चिरंजीव राजाराम महाराज गादीवर आले. पुढे १९४७ साली अक्कासाहेबांचे चिरंजीव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, म्हणजे माघारी आलेल्या लेकीचा मुलगा छत्रपती झाला. दैवाची ही गत ऐकून मला बरे वाटले.

इंदुमतीबाईंचा आधारच तुटला. सासरे गेले तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या आणि शिक्षण अर्धे झाले होते. पुस्तके बांधून ठेवायला घरातल्यांना ह्याहून चांगले निमित्त कोणते मिळाले असते? परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९२५ साली त्या मॅट्रिकची परीक्षा पास झाल्या. डॉक्टर होणे मात्र घडले नाही. पुढे त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचे आणि बायकांना हाताला काम शिकविण्याचे काम पुष्कळ वर्षे केले. १९७१ साली त्या वारल्या.